उपग्रहाला दिसणारी गाडी

२ ऑगस्ट १९९९ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, पश्चिम बंगालमधील गैसाल स्थानकात अवध-आसाम एक्स्प्रेस आणि ब्रह्मपुत्रा मेल एकाच रुळावर समोरासमोर आदळल्या. पावणेतीनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. अशा अपघातानंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो: हातातल्या फोनलाही उपग्रहांवरून आपला ठावठिकाणा कळतो, तर दोन गाड्यांना एकमेकींचा पत्ता का लागू नये?

प्रश्न बिनतोड वाटतो. कोकण रेल्वेने त्याला उत्तर देण्याचा प्रयत्नही केला. बी. राजाराम यांच्या पुढाकाराने तेथे 'रक्षा कवच' हे यंत्र सिद्ध झाले. इंजिनावरील पेटीने उपग्रहांवरून आपले स्थान ठरवावे, रेडिओवरून आसपासच्या गाड्यांना ते कळवावे आणि टकरीचा संभव दिसताच स्वतःच ब्रेक लावावा, अशी ती योजना होती. गैसाल ज्या ईशान्य सीमा रेल्वेत येते, तिच्यावरही हे यंत्र वापरून पाहण्यात आले. पण देशभर त्याचा प्रसार झाला नाही. याचे खापर केवळ दफ्तरदिरंगाईवर फोडणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य होणार नाही.

अडचण मुळातच आहे. साध्या ग्रहणयंत्राने सांगितलेल्या जागेत उघड्या आकाशाखालीही काही मीटरांची चूक संभवते, आणि शेजारच्या दोन मार्गांच्या मध्यरेषांत अंतर असते ते चार-पाच मीटरांचेच! म्हणजे गाडी कोठे आहे हे उपग्रह सांगेल. ती कोणत्या रुळावर आहे हे खात्रीने सांगणार नाही. गाडी सांध्यावरून वळताना तिच्या दिशेत पडणाऱ्या सूक्ष्म फरकावरून रूळ ओळखण्याची युक्ती राजाराम यांनी योजिली होती. ती बुद्धिमान होती. पण जेथे शेकडो जीव टांगलेले असतात, तेथे अनुमानाला मर्यादा पडतात. शेजारच्या रुळावरून सुखरूप जाणाऱ्या गाडीला भिऊन जे यंत्र वारंवार ब्रेक लावील, ते चालक चार दिवसांत बंद करून ठेवील. त्यात बोगद्यांची भर. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरांच्या काळोखात कोणता उपग्रह डोकावणार?

२ जून २०२३ रोजी बालासोरजवळ बहानगा बाजार येथे कोरोमंडल एक्स्प्रेस मुख्य मार्ग सोडून लूप लाइनवरील उभ्या मालगाडीवर गेली, ती सिग्नलच्या जोडणीतील चुकीमुळे. दोन रुळांमधील त्या काही मीटरांतच सारा अनर्थ सामावलेला होता. उलट, २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ पन्नासहून अधिक प्रवासी दगावले, तेव्हा समोर दुसरी गाडीच नव्हती. होती ती कोसळलेली दरड.

आज भारतीय रेल्वे बसवीत असलेले 'कवच' नावाने जुन्या यंत्राचे भावंड वाटते, पण स्वभावाने वेगळे आहे. रुळांमध्ये बसविलेल्या खुणेच्या चकत्या, चाकांच्या फेऱ्यांचे मोजमाप आणि रेडिओचे मनोरे यांवर त्याची भिस्त आहे. उपग्रहाकडून ते मुख्यतः घड्याळ जुळवून घेते. हे काम खर्चाचे आणि चिवट. सुमारे ६८ हजार किलोमीटरांच्या जाळ्यापैकी २०२४ च्या मध्यापर्यंत ते जेमतेम १,४६५ किलोमीटरांवर पोचले होते. हा वेग लाजिरवाणा आहे. अमेरिकेतही २००८ च्या चॅट्सवर्थ अपघातानंतर, ज्यात २५ जण मेले, त्याच वर्षी कायदा झाला. त्याची पूर्ती व्हायला २०२० चा डिसेंबर उजाडला. मात्र तेथे कायद्याने मुदत घातली होती आणि ती वाढवून घेण्यासाठी संसदेपुढे जावे लागले. आपल्याकडे निदान तेवढे बंधन का असू नये?

मग उपग्रह निरुपयोगी का? मुळीच नाही. इस्रोच्या साह्याने इंजिनांवर बसविलेली यंत्रे दर तीस सेकंदांनी गाडीचे स्थान कळवितात. पूर्वी हीच माहिती स्टेशनमास्तरांच्या नोंदींवर अवलंबून असे. तिचा लाभ फलाटावर ताटकळणाऱ्या प्रवाशाला होतो, हे ठीकच. पण रुळावर हातोडा घेऊन चालणाऱ्या चावीवाल्याला आणि पावसाळ्यात घाटात गस्त घालणाऱ्या गँगमनला तो आधी व्हायला हवा. दरवर्षी अशी माणसे गाडीखाली सापडतात. गाडी नेमक्या कोणत्या रुळावर आहे, हे त्यांना कळण्याची गरज नाही. ती जवळ आली आहे एवढे वेळेवर कळले, तरी ते दोन्ही रूळ सोडून बाजूला होतील. चार-पाच मीटरांच्या चुकीने तेथे काहीही बिघडत नाही.