सोयाबीनची ओल दातांनी नको, यंत्राने मोजा

गेल्या हंगामात माकणीला एका घरी गेलो, तर ओसरीवर सोयाबीनची पोती थप्पी लावून ठेवलेली. खरेदी केंद्रावर यंत्राने ओलावा १४ टक्के दाखवला आणि ट्रॅक्टर माघारी फिरला होता. “साहेब, दाताखाली कट्ट वाजत होतं की!” म्हणून मालक माझ्यावरच रागावले. जाण्यायेण्याचे भाडे मात्र अंगावर पडले.

शेतकरी बंधू-भगिनींनो, १२ आणि १४ टक्क्यांतला फरक दातांना कळत नाही. हमीभावाने खरेदीला १२ टक्क्यांपर्यंतचाच ओलावा चालतो. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारने १५ टक्क्यांपर्यंत सवलत दिली होती, पण अशा सवलतीच्या भरवशावर पोती शिवू नयेत.

“मग चार उन्हं जास्त देऊ,” असे पुष्कळजण म्हणतात. त्यातही तोटाच आहे. १२ टक्के ओलाव्याचे १० क्विंटल सोयाबीन ८ टक्क्यांपर्यंत वाळवले, तर वजन सुमारे ४३ किलोंनी घटते. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने हे सुमारे २,३०० रुपये झाले. शिवाय फार वाळलेला दाणा हाताळताना फुटतो, डाळ होते. बियाण्यासाठी ठेवणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे.

आता यंत्राविषयी. बाजारात दोन सुयांचे स्वस्त यंत्र मिळते. ते लाकडासाठी असते. धान्यात खुपसल्यास भलताच आकडा दाखवते. दुकानदार काहीही म्हणो, ते धान्यासाठी घेऊ नये. धान्याच्या यंत्रात दाणे भांड्यात भरतात किंवा दाबून भरडतात. घेताना यादीत सोयाबीनचे नाव आहे का, हे आधी पाहावे. नुसते गहू-ज्वारीचे यंत्र आपल्या कामाचे नाही. काही हजारांचा खर्च एकट्याने कशाला? आठ-दहा घरांनी मिळून एक घ्यावे. पहिल्या वर्षी आपला नमुना घट्ट झाकणाच्या डब्यात बाजार समितीत नेऊन तेथील यंत्राशी ताडून पाहावा व फरक वहीत लिहून ठेवावा.

नमुना घेण्यात खरी मेख आहे. राशीच्या वरचे दाणे वाळलेले, तळचे दमट असतात. वरून, मधून, तळातून मूठमूठ घेऊन एकत्र करावे. उन्हातून आणलेले दाणे सावलीत थंड होऊ द्यावेत, तीनदा मोजावे आणि सरासरी धरावी.

यंत्र येईपर्यंत एक घरगुती युक्ती करावी. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे व वाळवलेले मीठ घालून चांगले हलवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर समजावा. नाही चिकटले, तरी १२ झाले असे मात्र धरू नये.

आणि ते दोन सुयांचे यंत्र घेऊन बसला असाल, तर टाकू नका. चुलीच्या जळणाला ते उपयोगी आहे. बाभळीचे लाकूड फोडून आतल्या ताज्या भागात सुया टोचाव्यात. २० टक्क्यांच्या खाली आकडा आला तर लाकूड चुलीत घालावे, नाहीतर आणखी काही दिवस छपराखाली वाळू द्यावे. ओल्या जळणाचा धूर कोणाच्या डोळ्यांत जातो, हे घरातल्या बायांना विचारा.