धोतरातला सत्यान्वेषी

खासगी गुप्तहेर म्हटला की डोळ्यांपुढे हॅट अन् ओव्हरकोट उभा राहतो. १९९३ साली दूरदर्शनवर आलेला ‘ब्योमकेश बक्षी’ मात्र धोतर नेसून आला! शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या बंगाली कथांतला हा बाबू बासू चटर्जींनी हिंदीत आणला. रजित कपूरने तो रंगवला. स्वतःला तो गुप्तहेर नव्हे, सत्यान्वेषी म्हणवतो.

आमच्या घरात मात्र आठवण निघते ती सत्यवतीची. मनात येईल तसे मृत्युपत्र बदलणाऱ्या श्रीमंत म्हाताऱ्याचा खून होतो आणि संशय तिच्या भावावर. ‘माझ्या भावाला वाचवा’ म्हणून ती या परक्या माणसाला विनवते. ब्योमकेश भावाला सोडवतो अन् पुढे तिच्याशीच लग्न करतो. सत्यवती झाली होती आपली सुकन्या कुलकर्णी! लेखकमित्र अजित लग्नानंतरही त्यांच्याकडेच राहतो; खुनाची चर्चा चहाबरोबर घरातच.