फोटोतला आपला चेहरा परका का वाटतो?

नोकरीचा अर्ज असो, दवाखान्याचे संकेतस्थळ असो की घरगुती व्यवसायाची जाहिरात, ‘एक चांगला फोटो पाठवा’ ही मागणी आता ठरलेलीच. अनेकांचे घोडे इथेच अडते. वजन उतरल्यावर काढू, केस कापल्यावर बघू, असे म्हणत महिने जातात. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापलेला चेहरा पाठवला जातो किंवा संधीच सोडून दिली जाते. ‘माझे फोटो चांगले येतच नाहीत’ ही त्यामागची समजूत. या समजुतीचे मूळ मात्र चेहऱ्यापेक्षा सवयीत अधिक असते.

आपण स्वतःला रोज पाहतो ते आरशात, म्हणजे डावे-उजवे उलटलेले. कुणाच्याही चेहऱ्याच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसतात. एक भुवई किंचित वर असते, हसताना ओठांचा एक कोपरा जास्त उचलला जातो. फोटोत या बाजू बदलतात आणि काहीतरी बिनसल्यासारखे वाटते. १९७७ मध्ये मीटा, डर्मर आणि नाइट या अमेरिकी संशोधकांनी काही तरुणींना त्यांच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखी. त्यांचा कल आरशातल्या रूपाकडे होता, तर त्यांच्या जवळच्या माणसांचा सरळ फोटोकडे. म्हणजे आपल्याला खटकणारा चेहराच इतरांच्या ओळखीचा आणि आवडीचा असतो.

दुसरे कारण अंतराचे. चेहऱ्यापासून १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते, असे २०१८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी गणिती प्रारूपाने दाखवले. त्यात नाकाचा काही दोष नाही.

तिसरे कारण भीतीचे. कॅमेरा रोखला गेला की आपल्याला कुणीतरी पारखते आहे असे वाटते. ताण वाढतो, छाती धडधडते, खांदे वर चढतात, जबडा आवळला जातो. पण लोक आपल्याला वाटते तितके निरखत नसतात. कॉर्नेल विद्यापीठातील एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठवले गेले. जवळपास निम्म्या लोकांच्या ते लक्षात येईल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांच्याच लक्षात आले. हे संशोधन २००० मध्ये प्रसिद्ध झाले.

हे लक्षात घेतले तर उपाय सोपे आहेत. फोटो दुसऱ्याकडून, पाच-सहा फुटांवरून, डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरून काढून घ्यावा. खिडकीकडे तोंड करून उभे राहिल्यास उजेड चेहऱ्यावर सारखा पडतो. आधी चार-पाच वेळा सावकाश, लांब श्वास सोडावा आणि खांदे सैल करावेत. मनापासूनच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचे स्नायूही भाग घेतात, हे फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्येच नोंदवले होते. म्हणून ओठ ताणण्यापेक्षा समोरच्याशी गप्पा मारत राहावे. वीस-तीस फोटो होऊ द्यावेत आणि लगेच काहीही पुसू नये. निवड मात्र दुसऱ्यावर सोपवावी. ऑस्ट्रेलियातील २०१७ च्या एका अभ्यासात, स्वतः निवडलेल्या फोटोंपेक्षा अनोळखी लोकांनी निवडलेल्या फोटोंनी पाहणाऱ्यांवर अधिक चांगली छाप पाडली होती.

संकोच आणि आजार यांत मात्र फरक आहे. चेहऱ्यातल्या एखाद्या, इतरांना जाणवतही नसलेल्या दोषाचा विचार दिवसाचे तासन्‌तास व्यापत असेल, वारंवार आरसा पाहिला जात असेल किंवा माणसांत जाणेच टाळले जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. बाकीच्यांनी वजन उतरायची वाट पाहू नये. काम देणाऱ्याला देखणा चेहरा नको असतो; आपण कुणाशी बोलणार आहोत, एवढेच त्याला पाहायचे असते.