पडद्यावरचे डॉक्टर आणि आपण

ऑपरेशन थिएटरवरचा लाल दिवा विझतो, दार उघडते, तोंडावरचा मास्क खाली ओढत डॉक्टर बाहेर येतात आणि नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. हे दृश्य आपण सर्वांनीच अनेकदा पाहिले आहे. पडद्यावरचे हे डॉक्टर करमणूक करतात, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र त्यांच्याकडून नकळत शिकलेल्या काही गोष्टी प्रत्यक्षात जिवावर बेतू शकतात.

मनमोहन देसाई यांचा 'अमर अकबर अँथनी' (१९७७) आठवा. तीन भावांचे रक्त नळ्यांतून एका बाटलीत येते आणि लगेच आईच्या शरीरात जाते. प्रत्यक्षात असे रक्त कोणीही देत नाही. दात्याचे रक्त पिशवीत घेतात, त्याचा गट पाहतात, एचआयव्ही, कावीळ ब व क, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी ते तपासतात. मग रुग्णाच्या रक्ताशी ते जुळते की नाही, याची खात्री करतात. सख्ख्या भावाचे रक्तही न जुळण्याची शक्यता असते. म्हणून रक्तपेढीत वेळ लागला तर चिडू नये. ती दिरंगाई नव्हे, दक्षता असते.

सरळ रेषा आणि विजेचा झटका

यंत्रावरची रेषा सरळ होते, डॉक्टर छातीला विजेचा झटका देतात आणि रुग्ण डोळे उघडतो. वास्तविक रेषा पूर्ण सरळ झाल्यावर झटक्याचा उपयोग नसतो. हृदय अनियमितपणे नुसते थरथरत असते, तेव्हा झटका कामी येतो. सरळ रेषेवर उपाय म्हणजे छाती दाबत राहणे आणि औषध देणे.

१९९६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. 'ई. आर.', 'शिकागो होप' आणि 'रेस्क्यू ९११' या अमेरिकन कार्यक्रमांत हृदय बंद पडलेल्या रुग्णांपैकी ७५ टक्के त्या क्षणी वाचत होते. प्रत्यक्षातील प्रमाण याहून पुष्कळच कमी असते. त्यामुळे रुग्ण दगावला की 'डॉक्टरांनी काहीच केले नाही' असा समज होतो आणि प्रकरण कधी कधी हाणामारीपर्यंत जाते.

मुलांच्या व्हिडिओ गेममध्ये तर डॉक्टरही लागत नाही. 'डूम' (१९९३) या खेळात औषधपेटीला पाय लागताच शक्ती २५ टक्क्यांनी वाढते. खऱ्या जखमेतून रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाने किमान दहा मिनिटे ती घट्ट दाबून धरावी. मध्येच उचलून पाहू नये.

आपण काय करावे?

कोणी अचानक कोसळले, हाकेला प्रतिसाद नाही आणि श्वास थांबला आहे किंवा नुसते आचके येत आहेत, तर पुढील गोष्टी कराव्यात.

१. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
२. रुग्णाला कठीण जमिनीवर उताणे झोपवावे.
३. छातीच्या मध्यभागी एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपर ताठ ठेवून ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी.
४. मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावे. थकल्यास दुसऱ्याने हात लावावा, पण मदत येईपर्यंत थांबू नये.

तोंडात पाणी घालणे, कांदा हुंगवणे यांत वेळ दवडू नये. काहीच न करता गेलेल्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

हृषिकेश मुखर्जी यांच्या 'आनंद' (१९७१) मधील डॉ. भास्कर बॅनर्जी आपल्या रुग्णाला वाचवू शकत नाही. तरीही तो आपल्याला आपला वाटतो, कारण तो खोटी आशा न दाखवता शेवटपर्यंत सोबत राहतो. खरा डॉक्टर बहुधा असाच असतो. चमत्कार त्याच्या हाती नसतात. पण तो येण्यापूर्वीची पहिली काही मिनिटे आपल्या हाती असतात, ती वाया जाऊ देऊ नका.