नवा डीएसएलआर घेतला, आता लेन्स कोणती?

दिवाळी जवळ आली की मंडळातल्या दोन-तीन कुटुंबांचा मला हमखास फोन येतो. प्रश्न एकच, "डीएसएलआर घेतलाय, आता लेन्स कोणती घेऊ?" मी काही व्यावसायिक फोटोग्राफर नाही. पण गेली दहा वर्षं डब्लिनमध्ये घरचे आणि मंडळाच्या कार्यक्रमांचे फोटो काढतोय. त्या अनुभवावरून फोनवर जे सांगतो, तेच आज जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक कॅमेऱ्यांबरोबर 18-55 मिमीची किट लेन्स येते. तिला कमी लेखू नका. 18 वर मोहरचे कडे बऱ्यापैकी मावतात, 55 वर चेहऱ्याचा छान फोटो येतो. पहिले दोन-तीन महिने हीच वापरा. मग एका संध्याकाळी सगळे फोटो संगणकावर उघडून बसा आणि मनासारखे न आलेले बाजूला काढा. त्यांचे तीन गठ्ठे होतील: काळोखे किंवा हललेले, फार लांबून घेतलेले, आणि ज्यात सगळं मावलंच नाही असे. सगळ्यात मोठा गठ्ठा कोणता, त्यावर पुढची लेन्स ठरवायची.

आयर्लंडमध्ये हा मोठा गठ्ठा बहुधा पहिलाच असतो. डिसेंबरच्या शेवटी डब्लिनला जेमतेम साडेसात तास दिवस असतो; त्याच दिवशी पुण्यात तो अकरा तासांचा. ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की पाचच्या आत अंधार पडू लागतो. आपली दिवाळी, मुलांचे नाच, वाढदिवस, सगळं घरात नाहीतर हॉलमध्ये, पिवळट दिव्यांखाली.

इथे अ‍ॅपर्चरचं गणित कळलं पाहिजे. लेन्सवर 'एफ'पुढे लिहिलेला आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो. किट लेन्स 55 वर एफ/5.6 पर्यंतच उघडते. एफ/1.8 ची लेन्स तिच्या नऊ-दहा पट उजेड आत घेते. म्हणजे किट लेन्सला 1/10 सेकंद लागत असेल, तिथे हिला साधारण 1/100 पुरतो. नाचणाऱ्या मुलीचा हात फोटोत स्पष्ट येणार की नुसता पांढरा फराटा, हे या फरकावर ठरतं.

म्हणून माझं पहिलं उत्तर: एफ/1.8 ची एक प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली. 50 मिमीची स्वस्त आणि उत्तम असते; पण साध्या डीएसएलआरचा सेन्सर लहान असल्यामुळे ती 75-80 मिमीसारखी वागते. एकट्याच्या चेहऱ्यासाठी झकास, पण इथल्या छोट्या बैठकीच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी चौघं मावत नाहीत. घरासाठी निकॉनवाल्यांनी 35 मिमी एफ/1.8 बघावी. कॅननवाल्यांना 24 मिमी एफ/2.8 ही चपटी, खिशात मावणारी लेन्स आहे. उजेड थोडा कमी, पण खोलीला सोयीची.

हे एवढ्या आग्रहाने सांगण्याचं कारण आहे. आपले आईवडील तीन महिन्यांच्या व्हिसावर येतात आणि जातात. त्यांच्या फिरतीचे फोटो खूप निघतात. पण ते घरात कसे वावरायचे, याचे फार थोडे. माझे बाबा 2018 च्या हिवाळ्यात आले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून नातीला मटार सोलायला शिकवत होते. बाहेर पाऊस, दुपारी तीनचा उजेड. 35 मिमीने, फ्लॅश न टाकता फोटो घेतला. दोघांनाही पत्ता लागला नाही. बाबा आता नाहीत. साताऱ्याच्या घरी आईने तोच फोटो लावलाय.

दुसरी लेन्स लांबच्या पल्ल्याची, 55-250 किंवा 70-300 मिमी. फिनिक्स पार्कमधल्या हरणांपासून किमान 50 मीटर लांब राहा आणि त्यांना खायला घालू नका, अशी तिथली सूचना आहे. तेवढ्या अंतरावरून किट लेन्समध्ये हरीण म्हणजे तपकिरी ठिपका. उन्हाळ्यात सॉल्टी बेटांवर पफिन बघायला जाणार असाल, मुलं मैदानावर खेळत असतील, तरी हीच उपयोगी. लेन्समध्ये स्थिरीकरण आहे ना, ते बघून घ्या.

तिसरी 10-18 मिमीसारखी रुंद लेन्स. ग्लेन्डालॉकच्या तळ्याकाठी मजा येते, पण समूहफोटोत कडेला उभ्या असलेल्या काकू आडव्या ताणल्या जातात आणि राग आपल्यावर निघतो! तिला घाई नको.

खरेदीआधी दोन गोष्टी. निकॉनच्या डी3000 आणि डी5000 मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. जुनी 'डी' प्रकारची लेन्स घेतलीत तर फोकस हातानेच करावा लागेल. 'एएफ-एस' लिहिलेली घ्या. आणि मुंबईच्या बोरा बाजारातून आणणार असाल तर वॉरंटी इथे चालेल का ते विचारा. शिवाय युरोपियन युनियनबाहेरून विमानाने आणलेल्या वस्तूंना माणशी 430 युरोपर्यंतच करमाफी आहे, हे हिशेबात धरा. आता सगळा ओघ मिररलेसकडे असल्याने डीएसएलआरच्या चांगल्या लेन्स सेकंडहँडही मिळतात. काचेवर ओरखडा किंवा बुरशी नाही ना, हे उजेडात धरून तपासा.

एवढं करून पैसे उरले, तर चांगले दहा-बारा फोटो छापून घ्या आणि गावी पाठवा. आजी-आजोबांना फोनवर बोटांनी फोटो मोठा करण्यापेक्षा हातात धरलेला आवडतो. यंदाच्या लक्ष्मीपूजनाचे फोटो मात्र फ्लॅश बंद ठेवून, पणत्यांच्या उजेडातच काढून बघा. शुभ दीपावली!