पासिंग ऑफिसर

ज्यांनी संगणक येण्यापूर्वीची बँक पाहिली आहे त्यांना ‘पासिंग ऑफिसर’ हा प्राणी माहीत असेल. काउंटरवर चेक द्यायचा, पितळी टोकन घ्यायचं आणि बाकावर जाऊन बसायचं. आत लेजरमध्ये नोंद होऊन तो चेक एका टेबलावर जाई. तिथला अधिकारी सही पडताळी, शिल्लक पाही, चेकवर आपली सही ठोकी आणि चेक पुढे कॅशियरकडे सरकवी. पैसे कॅशियर देई, ‘थँक यू’ कॅशियरला मिळे. मधल्या माणसाचं तोंडही खातेदाराने पाहिलेलं नसे. मी हे काम बरीच वर्षं केलं. रोज लाखो रुपये हाताखालून जात आणि त्यातला एकही आपला नसे.

हे सगळं आठवलं ते २०२३ च्या उन्हाळ्यात, सॉल्ट लेक सिटीत. मुलीकडे गेलो होतो. बारा वर्षांचा नातू बास्केटबॉलने झपाटलेला. तो मला तिथल्या संघाच्या, म्हणजे ‘युटा जॅझ’च्या, स्टेडियमपाशी घेऊन गेला आणि एका पुतळ्यासमोर उभं करून म्हणाला, “आजोबा, हा जॉन स्टॉकटन. पॉइंट गार्ड.”

“किती पॉइंट केले याने?” मी आपला भारतीय प्रश्न विचारला. आपल्याला धावा मोजायची सवय.

“ते महत्त्वाचं नाही आजोबा. याचे असिस्ट बघा. पंधरा हजार आठशे सहा!”

असिस्ट म्हणजे असा पास, की तो ज्याला मिळाला त्याने लगेच बास्केट केली. बास्केटचे गुण करणाऱ्याच्या नावावर, आणि देणाऱ्याच्या नावावर एक असिस्ट. माझे कान टवकारले. ही तर चक्क डबल एन्ट्री! तिथून पुढचा महिनाभर मी नातवाच्या मदतीने या माणसाचं खातं तपासत बसलो. त्याचा हा गोषवारा.

स्टॉकटनचा जन्म २६ मार्च १९६२ चा, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावचा. माझ्याहून एका वर्षाने लहान. वडील गोन्झागा विद्यापीठाच्या जवळच एक दारूचा गुत्ता चालवत. आपण ‘बार’ म्हणू. मुलगाही त्याच विद्यापीठात शिकला आणि खेळला. गोन्झागाचं नाव आज अमेरिकेत सर्वतोमुखी आहे, पण तेव्हा त्या जेझुइट विद्यापीठाला बास्केटबॉलमध्ये कोणी विचारत नव्हतं. राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत त्यांना पहिल्यांदा जागा मिळाली ती १९९५ साली. म्हणजे स्टॉकटन एकदाही त्या स्पर्धेत खेळला नाही. उंची सहा फूट एक इंच. आपल्याकडे हा मुलगा ताडमाड ठरला असता. तिथल्या मैदानावर तो बुटक्यांत जमा.

१९८४ च्या ऑलिंपिक चाचणीला त्याला बोलावणं आलं. कडक शिस्तीचे प्रशिक्षक बॉब नाइट यांच्यासमोर तो बऱ्याच फेऱ्या टिकला आणि शेवटी वगळला गेला. वगळलेल्यांत लुईझियानाचा एक धिप्पाड मुलगाही होता, कार्ल मलोन. त्याच वर्षी व्यावसायिक संघांनी कॉलेजातले खेळाडू निवडले, तेव्हा हकीम ओलाजुवान पहिला, मायकेल जॉर्डन तिसरा, चार्ल्स बार्कली पाचवा आणि जॉन स्टॉकटन सोळावा. त्याच १९८४ मध्ये मी बँकेत चिकटलो. माझ्या वडिलांनी पेढे वाटले. सॉल्ट लेकच्या लोकांनी मात्र ‘कोण हा?’ असाच चेहरा केला.

पहिली तीन वर्षं तो मुख्यतः राखीव होता. रिकी ग्रीन नावाचा अनुभवी गार्ड दमला की याने उतरायचं. पहिल्या हंगामात सामन्यामागे सरासरी ५.१ असिस्ट. १९८५ मध्ये तो धिप्पाड मलोनही याच संघात आला. १९८७-८८ च्या हंगामात स्टॉकटन पहिल्या पाचांत कायमचा बसला आणि एका हंगामात ११२८ असिस्टचा विक्रम करून मोकळा झाला. पुढे १९९०-९१ मध्ये ११६४. असिस्टमध्ये सलग नऊ वर्षं पहिला नंबर.

हे कसं जमे? नातवाने डायनिंग टेबलावर मीठदाणी, लोणच्याची बरणी आणि चार वाट्या मांडून मला समजावलं. स्टॉकटन चेंडू घेऊन येतो. मलोन त्याच्या पहारेकऱ्याच्या वाटेत खांबासारखा उभा राहतो. पहारेकरी खांबावर अडखळतो. मग मलोनच्या पहारेकऱ्याला प्रश्न पडतो, चेंडूवाल्याला अडवू की खांबाला? तो क्षणभर चेंडूवाल्याकडे वळतो, तेवढ्यात खांब फिरून बास्केटकडे धावतो आणि चेंडू त्याच्या हातात पडतो. याला ‘पिक अँड रोल’ म्हणतात. यात गुपित काहीच नाही. समोरच्या संघाला, प्रेक्षकांना, शेंगदाणे विकणाऱ्यालाही माहीत, की आता हेच होणार. तरीही १८ हंगाम ते होतच राहिलं. कारण पास अर्धा सेकंद आधी गेला तर फुकट आणि उशिरा गेला तरी फुकट. मलोन निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ३६,९२८ गुण होते. त्यातले कितीतरी आधी स्टॉकटनच्या हातून पास झालेले.

बँकवाल्याला हेवा वाटावा अशी त्याची हजेरी होती. १९ हंगाम, १५०४ सामने, गैरहजेरी फक्त २२. एकोणीसपैकी सतरा हंगामांत एकही खाडा नाही. आणि प्रसिद्धीचा सोस नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकला गेलेल्या ‘ड्रीम टीम’मध्ये तो होता. जॉर्डन, मॅजिक जॉन्सन यांना रस्त्यावर पाऊल टाकणं मुश्कील, आणि हा गृहस्थ बायकामुलांना घेऊन तिथल्या रामब्लास रस्त्यावर निवांत फिरत होता. ड्रीम टीमचा टी-शर्ट घातलेल्या एका बाईशी तो बोलला, तरी तिने त्याला ओळखलं नाही!

मात्र तो नुसता वाटाड्या नव्हता. २९ मे १९९७ रोजी ह्यूस्टनमध्ये बरोबरीची स्थिती, घड्याळ संपत आलेलं. तेव्हा त्याने पास दिला नाही. लांबून स्वतः चेंडू फेकला, तो आत गेला आणि युटा प्रथमच अंतिम फेरीत पोहोचलं. तिथे जॉर्डनच्या शिकागोने त्यांना हरवलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच दोन संघ. १४ जून १९९८ च्या सहाव्या सामन्यात पाऊण मिनिटाहून कमी वेळ उरला असताना स्टॉकटनने तीन गुणांची बास्केट करून ८६-८३ अशी आघाडी मिळवून दिली. मग जॉर्डनने दोन गुण केले, मलोनच्या हातातला चेंडू हिसकावला आणि शेवटची बास्केट केली. ८७-८६. राहिलेल्या पाच सेकंदांत स्टॉकटनने फेकलेला चेंडू कड्याला लागून बाहेर. विजेतेपद त्याच्या नशिबी शेवटपर्यंत आलं नाही. २००३ मध्ये तो निवृत्त झाला. असिस्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर असलेला क्रिस पॉल आजही त्याच्या तीन हजारांहून अधिक मागे आहे.

त्याला देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. करोनाकाळात त्याने लशीविरुद्ध पुराव्याविना बरीच विधानं केली, मास्कचा नियम पाळायला नकार दिला आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याच्याच गोन्झागाने त्याची हंगामी तिकिटं स्थगित केली. कोर्टावर दुसरा कुठे उभा आहे हे न पाहता ओळखणारा माणूस कोर्टाबाहेर शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचा विचार करत नाही, हे वाचून मी खट्टू झालो. पण एका खात्यावरून माणसाची पत ठरवू नये, हे मी बँकेतच शिकलो आहे.

या सगळ्यात मला खरं टोचलं ते वेगळंच. १९९४ साली मी एका तालुक्याच्या शाखेत होतो. बचत खात्यांच्या लेजरांची बेरीज जनरल लेजरशी जुळत नव्हती. फरक फक्त २७० रुपयांचा, पण तीन वर्षं मागे लागलेला. इन्स्पेक्शनवाले दर वेळी शेरा मारून जात. शाखेत अण्णा होते. हुद्दा स्पेशल असिस्टंट, निवृत्तीला वर्ष उरलेलं. एका रविवारी त्यांनी फरकाला नवाने भागलं, नि:शेष भाग गेला. “साहेब, कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत,” एवढंच म्हणाले आणि डबा घेऊन येऊन बसले. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी त्यांना ते व्हाउचर सापडलं. १,८५० रुपयांचं, लेजरला १,५८० लागलेलं.

वरच्या कार्यालयातून शाबासकीचं पत्र आलं ते माझ्या नावाने. पुढच्या बढतीच्या मुलाखतीत मी ते मोठ्या झोकात दाखवलं. ‘हे कसं शोधलंत?’ असं विचारल्यावर नवाने भागायची युक्ती मीच सांगितली. अण्णांच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ माझ्याच हस्ते दिलं. त्यांच्या वक्तशीरपणावर, चहाच्या आवडीवर पाच मिनिटं बोललो. त्या २७० रुपयांबद्दल अवाक्षर काढलं नाही. अण्णा हसून नमस्कार करून गेले. काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं.

स्टॉकटन नशीबवान. त्याच्या खेळात बाजूला एक माणूस वही घेऊन बसलेला असतो आणि बास्केट कोणी केली याबरोबर चेंडू कोणी दिला हेही लिहून ठेवतो. घरात, कचेरीत, नाटक कंपनीत अशी वही नसते. पहाटे उठून डबे भरणाऱ्या बाईच्या नावावर मुलाचे नव्वद टक्के कोणी लिहीत नाही. माझ्या कादंबऱ्यांची मुद्रितं चाळीस वर्षं तपासणाऱ्या माझ्या पत्नीचं नाव एकाही पुस्तकावर नाही. तिने ते मागितलं नाही, ही काही सबब नव्हे. जिथे वही नाही, तिथे नोंद करण्याची जबाबदारी ज्याच्या हातात चेंडू पडला त्याचीच.

पुतळ्याजवळून निघताना नातवाने विचारलं, “आजोबा, तुम्ही बँकेत काय होता?”

“पासिंग ऑफिसर,” मी म्हणालो.

“म्हणजे पॉइंट गार्ड!” पोरगं खूश झालं.

मी त्याला काही बोललो नाही. त्या एका सामन्यात पास मी दिला नव्हता, मला मिळाला होता. १९९४ साली त्या शाखेतला २७० रुपयांचा फरक अण्णांनी शोधला. नोंद करायला तीस वर्षं उशीर झाला आहे, पण ती आज करतो आहे.