ओळख, वशिला आणि प्रोजेक्ट मॅनेजरची नोकरी

२०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने एकूण मनुष्यबळाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले लोक जास्त असतील, हेही कंपनीने तेव्हाच सांगितलं. पंधरा-अठरा वर्षं नोकरी झालेला, घराचा हप्ता चालू असलेला, टीम सांभाळता सांभाळता स्वतःचं कोडिंग मागे पडलेला प्रोजेक्ट मॅनेजर हा या फळीतला नेहमीचा माणूस. त्याचा रिझ्युमे बऱ्याचदा मागच्या नोकरीच्या वेळी लिहिलेला असतो, तोच. नोकरी शोधायची वेळ आली की त्याला चहूबाजूंनी सल्ले मिळतात आणि त्यांतले बरेचसे ऐकीव असतात. त्यापायी महिनेच्या महिने चुकीच्या दिशेला जातात, म्हणून ते तपासून घेतलेले बरे.

मराठी घरांत सगळ्यांत खोल रुजलेला गैरसमज म्हणजे नेटवर्किंग म्हणजे वशिला. ‘आपल्या हिमतीवर मिळवलं’ याचा अभिमान असलेल्या माणसाला जुन्या सहकाऱ्याला फोन करणंही लाचारीचं वाटतं. हा संकोच प्रामाणिक आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. वशिल्यात निर्णय वाकवला जातो. लायकी नसताना माणूस आत येतो. रेफरलमध्ये निर्णय घेणाऱ्यापर्यंत माहिती पोहोचते, त्यापुढच्या मुलाखतीच्या फेऱ्या, पॅनेल, पार्श्वभूमीची तपासणी काहीच चुकत नाही. शिवाय नाव सुचवणाऱ्याची पतही पणाला लागलेली असते. माणूस कच्चा निघाला तर पुढच्या वेळी त्याचा शब्द कोणी ऐकत नाही.

प्रोजेक्ट मॅनेजरच्या बाबतीत तर ओळखीला आणखी एक कारण आहे. प्रोग्रॅमरला तासाभराची कोडिंग टेस्ट देता येते. पण क्लायंटला वाईट बातमी वेळेवर सांगितली का, व्हेंडरने तारीख चुकवली तेव्हा काय केलं, टीममधल्या दोघांचं जमेना तेव्हा काम कसं पुढे नेलं, हे तासाभराच्या मुलाखतीत दिसत नाही. ते पाहिलेलं असतं सोबत काम केलेल्या माणसांनी. त्यांच्याकडे जाणं म्हणजे आपल्या कामाचे साक्षीदार उभे करणं, आणि त्यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही.

मग जायचं कोणाकडे? इथे दुसरा गैरसमज आडवा येतो: जवळची माणसंच कामाला येतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोवेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या २८२ व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय नोकरदारांचा अभ्यास केला. त्यावर आधारलेला त्यांचा गाजलेला निबंध १९७३ चा, तर पुस्तक १९७४ चं. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५६ टक्के लोकांना नोकरी वैयक्तिक ओळखीतून मिळाली होती. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी काहींना त्यांनी विचारलं, की ज्याच्याकडून कळलं तो माणूस तेव्हा किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारे फक्त १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचितच भेटणारे २७.८ टक्के. कारण सरळ आहे. रोज डबा सोबत खाणाऱ्याला जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं. वेगळी बातमी वेगळ्या वर्तुळातून येते.

पन्नास वर्षांनी तोच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर तपासला गेला. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरच्या, पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडल्या त्या मध्यम सैल ओळखी. अगदीच अनोळखी माणूस तितका उपयोगी नाही आणि अगदी सख्खा मित्रही नाही. त्यातही एक बारकावा होता: ज्या क्षेत्रांत कामाचं डिजिटलीकरण जास्त, तिथे सैल ओळखी अधिक कामी आल्या, इतर क्षेत्रांत घट्ट ओळखीच वरचढ ठरल्या. त्यामुळे पुण्यात खराडीतल्या सॉफ्टवेअरवाल्याने आणि बांधकामाच्या साइटवरच्या प्रोजेक्ट मॅनेजरने एकच सल्ला डोळे झाकून पाळू नये.

हे कळलं की यादी आपोआप लांबते. आधीच्या कंपनीतले मित्र तर झालेच. पण क्लायंटच्या बाजूने माइलस्टोनची बिलं मंजूर करणारी बाई, व्हेंडरचा को-ऑर्डिनेटर, गो-लाइव्हच्या रात्री जागलेला टेस्टर, साइटवर कन्सल्टंटतर्फे मोजमापं तपासणारा इंजिनीअर हेही त्यात येतात. प्रोजेक्ट मॅनेजरच्या कामाचं स्वरूपच असं आहे, की दहा वर्षांत तो अनेक कंपन्यांच्या माणसांशी बांधला जातो. आपल्याला नेटवर्कच नाही, असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी ते मोजलेलंच नसतं.

या माणसांना लिहायचं काय, यावर बरंच अवलंबून असतं. ‘नमस्कार सर, आपल्याकडे काही ओपनिंग असल्यास कळवावे, सीव्ही जोडला आहे’ असा मेसेज एकाच वेळी साठ जणांना जातो आणि तो तसा गेलाय हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. त्याला करता येण्याजोगं त्यात काहीच नसतं. त्याउलट हा मेसेज पाहा: ‘मॅडम, नमस्कार. तुमच्या क्लेम्स सिस्टीमच्या मायग्रेशनमध्ये आमच्या बाजूने मी प्रोजेक्ट मॅनेजर होतो. आता मी विमा क्षेत्रातच पुढचं काम शोधतो आहे. तुमच्याकडे हल्ली प्रोजेक्ट आणि प्रॉडक्टच्या टीम कशा बांधल्या आहेत, हे समजून घ्यायला या आठवड्यात पंधरा मिनिटं बोलता येईल का?’ यात आठवण आहे, नेमकं क्षेत्र आहे आणि सहज हो म्हणता येईल एवढीच मागणी आहे. त्या मॅडमकडे जागा नसली तरी कोणाकडे काम निघतंय हे त्यांना बऱ्याचदा माहीत असतं.

‘ऐंशी टक्के नोकऱ्यांची जाहिरातच निघत नाही’ हे वाक्यही सर्रास फेकलं जातं. या आकड्याला ठोस अभ्यासाचा आधार नाही. जाहिरात झालेल्या जागेसाठीही ओळखीतून माणूस घेतला जातो. ‘ओळखीतून मिळाली’ आणि ‘जाहिरातच नव्हती’ ही एकच गोष्ट नव्हे. नोकरीच्या साइटकडे पाठ फिरवणं म्हणूनच चुकीचं. १९९७ मध्ये सुरू झालेल्या नोकरी डॉट कॉमवर रिक्रूटर जाहिरात देऊन वाट बघतात, तसेच रेझडेक्स या डेटाबेसमध्ये स्वतः शोधही घेतात. अनुभवाची वर्षं, शहर, सध्याचा पगार, नोटीस पिरियड आणि प्रोफाइल किती अलीकडे वापरात होतं, अशा चाळण्या तिथे लावल्या जातात. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असताना तो कमी होण्याची किंवा पैसे भरून सुटण्याची सोय कंपनीत असेल, तर ती प्रोफाइलमध्ये स्पष्ट लिहिलेली बरी.

याच्याच जोडीची भीती म्हणजे रोबो रिझ्युमे खातो. पंचाहत्तर टक्के रिझ्युमे सॉफ्टवेअरच परस्पर फेकतं, असं सांगत ‘एटीएस-प्रूफ’ रिझ्युमे विकणारे बरेच आहेत. अर्ज हाताळणारी ही सॉफ्टवेअर मुख्यतः अर्ज साठवतात, शोधायला आणि क्रम लावायला मदत करतात. अर्ज आपोआप बाद होतो तो बहुधा सुरुवातीच्या हो-नाही प्रश्नांवर: या शहरात यायची तयारी आहे का, अमुक देशात काम करण्याचा परवाना आहे का, किमान अनुभव आहे का. बाकीच्यांच्या वाट्याला येतो तो घाईत असलेला माणूस, आणि लिहायचं असतं त्याच्यासाठी.

त्याच्यासाठी कसं लिहावं, याचं उत्तम उदाहरण आपल्या कोकण रेल्वेच्या माणसाकडे आहे. १९६४ च्या डिसेंबरातल्या चक्रीवादळात रामेश्वरला जोडणारा पांबनचा रेल्वेपूल मोडला. दुरुस्तीला रेल्वेने सहा महिने ठरवले, वरिष्ठांनी ते तीनवर आणले, आणि ई. श्रीधरन या तरुण इंजिनीअरने काम ४६ दिवसांत संपवलं. काय बिघडलं होतं, अपेक्षा काय होती, प्रत्यक्षात काय झालं, हे तिन्ही एका ओळीत आलं. ‘एंड-टू-एंड डिलिव्हरीची जबाबदारी सांभाळली’ या ओळीतून यांतलं काहीच कळत नाही. पुढे १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, तेव्हा रेल्वेतून निवृत्त होणाऱ्या श्रीधरन यांच्याकडेच रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी ते सोपवलं. तिथेही सगळं सुरळीत झालं नाही. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून मोठं आंदोलन झालं, काम अडलं, आणि ७४१ किलोमीटरची सलग रेल्वे सुरू व्हायला १९९८ चा जानेवारी उजाडला. मुलाखतीत अनुभवी पॅनेल नेमकं हेच विचारतं: काम अडलं तेव्हा काय केलंत? आपलं एकही काम कधी अडलं नाही, असं सांगणाऱ्यावर पॅनेल विश्वास ठेवत नाही.

आणि पीएमपी? प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं हे प्रमाणपत्र पीएमआय ही अमेरिकेतली संस्था १९८४ पासून देते. ते घेतलं की नोकरी पक्की, असा समज क्लासच्या जाहिरातींनी पसरवला आहे. मुळात चार वर्षांची पदवी असलेल्यालाही आधी ३६ महिने प्रोजेक्ट हाताळल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. काही अर्ज तपासणीसाठी निवडले जातात, तेव्हा त्या प्रोजेक्टमधल्या वरिष्ठांनी तो अनुभव खरा असल्याचं कळवावं लागतं. म्हणजे इथेही जुनी माणसं लागतातच. आखातातल्या बांधकाम कंपन्यांत किंवा मोठ्या कन्सल्टन्सीत पीएमपीला वजन आहे. एखाद्या लहान प्रॉडक्ट कंपनीत त्याबद्दल कोणी विचारणारही नाही. पैसे भरण्याआधी आपल्याला हव्या असलेल्या पंचवीस-तीस जाहिराती वाचून ते किती ठिकाणी मागितलंय, हे पाहावं.

प्रमाणपत्र टिकवायला दर तीन वर्षांत ६० तास अभ्यास आणि व्यवसायसेवेचे दाखवावे लागतात. म्हणून पीएमआयच्या पुणे आणि मुंबईतल्या शाखांच्या कार्यक्रमांना माणसं येतात. तिथे कार्ड वाटत फिरण्यापेक्षा कार्यक्रम उभा करण्याचं काम अंगावर घ्यावं. वक्ता ऐनवेळी गळाला, हॉल बदलला, तरी माणूस शांतपणे निभावतो, हे बघणारे तिथेच बसलेले असतात. मितभाषी माणसाला तर हा मार्ग फार सोयीचा.

राहिली ‘बॅकडोअर’ची गोष्ट. पैसे घेऊन आत घेतो, अनुभवाचं पत्रही बनवून देतो, असं सांगणारे एजंट नोकरी गेलेल्या माणसाला हेरतात. पार्श्वभूमी तपासताना कंपन्या यूएएन या पीएफच्या क्रमांकावरून पीएफचा इतिहास बघतात. ज्या कंपनीने कधी पीएफ भरलाच नाही, तिचं पत्र तिथेच उघडं पडतं आणि मिळालेली नोकरीही जाते. नावाजलेली कंपनी मुलाखतीसाठी, लॅपटॉपसाठी किंवा ट्रेनिंगसाठी उमेदवाराकडून डिपॉझिट मागत नाही. ऑफर लेटर आलं, तर ते पाठवणाऱ्या मेलचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटशी ताडून बघावा. आणि ऑनलाइन पैसे गेलेच, तर लाजेपायी दिवस घालवू नये. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तत्काळ फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली तरच ती गोठवता येते.